जानेवारीतला पॅसिफिक आणि पंचवीस फुटी गाडी

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ओरेगॉनच्या किनाऱ्यावर जानेवारीत मोटरहोम, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन जाणार, असं सांगितल्यावर इथल्या ओळखीच्या मंडळींनी दोनच प्रश्न विचारले. का? आणि सासू-सासऱ्यांना घेऊन का?

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. उन्हाळ्यात या किनाऱ्यावरच्या सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये जागा हवी तर सहा महिने आधी, बुकिंग उघडेल त्या सकाळी कॉम्प्युटरसमोर बसावं लागतं. जानेवारीत हवी ती जागा मिळते आणि गाडीचं भाडंही बरंच उतरलेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर अण्णांनीच, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, देऊन टाकलं. "समुद्र बघायचा तर उधाणाचा. मे महिन्यात काय, कोणीही बघतो." अण्णा आणि आई रत्नागिरीचे. अण्णांची सगळी नोकरी एस्टीत ड्रायव्हर म्हणून गेली, त्यातली बरीचशी आंबा घाटात. त्यामुळे पंचवीस फुटांची गाडी माझा नवरा चालवणार आणि अण्णा शेजारी बसून बघणार, हा या सहलीतला खरा अवघड भाग होता. समुद्र त्यानंतर.

गाडी ताब्यात घेताना हिवाळ्यात एक गोष्ट वेगळी असते, ती आधी सांगते. थंडीत मोटरहोम उभी ठेवायची तर पाइपांत पाणी गोठून ते फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी रंगाचं अँटिफ्रीझ भरून ठेवतात. नळ सोडला की आधी गुलाबी पाणी, मग फेस, मग साधं पाणी. हे धुणं आपल्यासमोर करून घ्यावं आणि गरम पाण्याची टाकी बायपासवरून परत जागेवर आणली आहे ना, तेही बघावं. समुद्राकाठी तापमान शून्याखाली फारसं जात नाही, म्हणून आम्हाला टाकीतलं पाणी वापरता आलं. हीच गाडी घेऊन डोंगरात गेलो असतो तर पाइप कोरडे ठेवून कॅनमधून पाणी न्यावं लागलं असतं.

फोर्डचं ई-४५० चेसिस, मागे जोडचाकं, पेट्रोलवर चालणारं इंजिन. एवढं धूड साध्या गाडीच्या लायसनवर चालवता येतं, हे अण्णांना पटेना. "हेवीचं लायसन नाही? बॅज नाही?" त्यांनी दोनदा विचारलं, मग चारी बाजूंनी फिरून गाडी बघितली, टायरवर बुक्की मारली आणि नवऱ्याला एकच धडा दिला. मागच्या चाकाच्या मागे जेवढा पत्रा बाहेर आहे, तेवढा वळताना उलट्या बाजूला फिरतो. पेट्रोल पंपावरून निघताना तो खांबाला लागतो. भाडेवाल्याने दाखवलेल्या व्हिडिओत हेच वीस मिनिटं सांगितलं होतं.

पोर्टलंडहून किनाऱ्याला जायचा सरळ रस्ता २६ नंबरचा. तो कोस्ट रेंजचे डोंगर ओलांडून सीसाइडला उतरतो आणि हिवाळ्यात माथ्यावर बर्फ असू शकतो. आम्ही कोलंबिया नदीच्या काठाने अस्टोरियाला जाणारा ३० नंबरचा घेतला. लांब पडतो, पण चढ कमी. मोटरहोमला बर्फाइतकाच वाऱ्याचा त्रास. उंच, सपाट बाजू. उघड्या वळणावर आडवा वारा लागला की गाडी सरळ शेजारच्या लेनकडे ढकलली जाते. नवरा स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता. "आवळू नको रे, धर नुसतं," एवढंच अण्णा म्हणाले आणि नदीतली जहाजं बघत बसले.

मुक्काम फोर्ट स्टीव्हन्स स्टेट पार्कमध्ये होता. ओरेगॉनचं वायव्य टोक, जिथे कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते. इथे एक भ्रम आधीच काढून टाकते. मोटरहोम म्हटलं की लोकांना वाळूवर उभी गाडी आणि दारात लाटा दिसतात. आमच्या जागेवरून समुद्र दिसत नव्हता. मध्ये स्प्रूस आणि पाइनची झाडी, पलीकडे वाळूच्या टेकड्या, मग किनारा. ऐकू मात्र रात्रंदिवस येत होता. उन्हाळ्यात मला हे खटकलं असतं. जानेवारीत त्या झाडीचे आभार मानले, कारण वारा तिथेच मोडतो. फक्त वाळकी फांदी डोक्यावर लोंबत नाही ना, एवढं वर बघून जागा घ्यायची. आणि उजेडात पोचायचं. चेक-इन चार वाजता, सूर्यास्त पावणेपाचच्या सुमारास. मधल्या वेळात गाडी मागे घेऊन लावणं हा पावसातला कार्यक्रम.

तो अण्णांनी सांभाळला. रेनकोट घालून मागे उभे. "येऊ दे… येऊ दे… येऊ दे… बास!" आणि पत्र्यावर थाप. शेजारच्या गाडीतला म्हातारा खिडकीतून बघत होता. त्याने अंगठा वर केला.

उभी राहिल्यावर गाडी समपातळीत आणावी लागते, नाहीतर झोपल्यावर डोकं खाली आणि पाय वर, शिवाय गॅसवर चालणारा फ्रिजही रुसतो. चाकांखाली प्लॅस्टिकचे ठोकळे घालून ते केलं. मग पाण्याची नळी, मलपाण्याची नळी आणि वीज. विजेचं गणित मात्र हिवाळ्याचं वेगळं आहे. आमच्या गाडीची जोडणी तीस अँपिअरची, १२० व्होल्टची. म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ३६०० वॉट. छोटा हीटर १५०० खातो, चहाची किटली तेवढंच. त्यावर मायक्रोवेव्ह लावला की खटका पडलाच. त्यामुळे सकाळी सातला आमच्याकडे रोज ठरलेली आरोळी: "चहा ठेवत्ये, हीटर बंद करा!" सोफ्याच्या खाली प्रोपेनची भट्टीही असते, ती बंद-चालू होत गरम हवा सोडते, पण तिचा पंखा झोपेत दचकवतो आणि सिलिंडर भराभर संपतो. वीज जोडलेली असताना हीटर, आणि भट्टी फक्त पहाटे, असं आम्ही जमवलं. छतावर असतो तो एसी, ज्याला आम्ही हातही लावला नाही.

थंडीचं काही वाटलं नाही. पाच-सहा डिग्री, त्याला दोन स्वेटर पुरतात. त्रास दिला तो ओलीने. चार माणसं बंद गाडीत श्वास घेतात, गॅसवर भात शिजतो, चार ओले रेनकोट टांगलेले, आणि खिडक्या एकपदरी काचेच्या. सकाळी काचांवरून पाणी ओघळून गाद्यांच्या कडेला जमलेलं. याला उपाय एकच, आणि तो मनाला पटत नाही: बाहेर गारठा असताना छताची झडप दोन बोटं उघडी ठेवायची आणि पंखा बाहेरच्या दिशेने चालू ठेवायचा. गरम हवा वाया जाते, पण ओल जाते. ओले कपडे न्हाणीघरात टांगून दार बंद. गादी रोज उभी करून खाली हवा खेळू द्यायची. आईंनी पहिल्याच दिवशी पापडाचा डबा उघडून बघितला आणि परत लावून टाकला. "श्रावणातले झाले," म्हणाल्या. तो डबा परत उघडला नाही.

पावसाबद्दल मात्र दोघांची तक्रार नव्हती. अस्टोरियाला वर्षाला साधारण १७०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीला तीन हजारांच्या वर. फरक असा की रत्नागिरीचा चार महिन्यांत सगळं उरकतो आणि हा ऑक्टोबरपासून मे उजाडेपर्यंत रिपरिपत राहतो. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळत आलेल्या ल्युइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने १८०५-०६चा हिवाळा इथून जवळच फोर्ट क्लॅटसॉपला काढला. १०६ दिवसांत फक्त बारा दिवस पाऊस नव्हता, अशी त्यांची नोंद आहे. ती लाकडी गढी आता नव्याने बांधलेली आहे. तिथल्या खोल्या बघून आल्यावर आमच्या गाडीतल्या ओलीबद्दल कोणी बोलेना.

वादळ आलं ते हवामान खात्याने सांगितलेल्या वेळेला. संध्याकाळी आम्ही भिंतीतून बाहेर सरकणारा भाग, म्हणजे स्लाइड-आउट, आत घेतला. त्याच्या वरची ताडपत्री वाऱ्याने फडफडते आणि फाटते. दारावरचं छत तर हिवाळ्यात उघडायचंच नाही. गाडीचं तोंड वाऱ्याकडे असलं तर कमी हलते. आमचं योगायोगाने जवळजवळ तसंच होतं. तरी रात्री दहानंतर गाडी हलायला लागली. छतावर काटक्या आणि शंकूसारखी फळं आपटत होती. मग वीज गेली. सगळं कॅम्पग्राउंड काळं.

मी टॉर्च शोधत होते, तोवर आईंनी अंधारातच कुळथाचं पिठलं ढवळायला घेतलं होतं. वीज गेली की स्वयंपाक थांबतो हे त्यांच्या हिशेबातच नाही. भट्टी प्रोपेनवर, पण तिचा पंखा बॅटरीवर चालतो, त्यामुळे आता प्रश्न बॅटरी पहाटेपर्यंत पुरेल का, हा. जनरेटर होता, पण रात्री दहा ते सकाळी सात शांततेची वेळ, तेव्हा तो लावता येत नाही. भट्टी कमीत कमी तापमानावर ठेवली, दिवे बंद, सगळ्यांनी पांघरुणं वाढवली. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते दोनदा बघितलं. आणि एक सांगून ठेवते, थंडी वाजली म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटती ठेवून कधी झोपू नये. बॅटरी पुरली. अण्णा घोरत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा उतरल्यावर पीटर आयरडेलकडे गेलो. हे चार डोलकाठ्यांचं पोलादी शिडाचं जहाज. मेक्सिकोहून पोर्टलंडला गहू भरायला येताना २५ ऑक्टोबर १९०६ रोजी इथल्या वाळूत रुतलं. माणूस एकही दगावला नाही. शंभराहून जास्त वर्षं त्याचा सांगाडा तिथेच आहे: गंजलेल्या फासळ्या आणि नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, तुकडा. उन्हाळ्याच्या फोटोंत मुलं त्यावर चढलेली असतात. आम्ही गेलो तेव्हा लाटा त्याच्या आरपार जात होत्या आणि जवळ जायची सोय नव्हती. नदी जिथे समुद्रात शिरते त्या उथळ पट्ट्याला 'बार' म्हणतात. नदीचा जोर, समुद्राची लाट आणि सरकती वाळू यांची तिथे रोज गाठ पडते. या भागात दोन हजारांच्या आसपास जहाजं बुडाली, म्हणून त्याला पॅसिफिकचं स्मशान म्हणतात. आजही प्रत्येक मोठ्या जहाजावर बार पायलट चढवावा लागतो. कोणी होडीतून दोरशिडीने चढतो, कोणाला हेलिकॉप्टरमधून उतरवतात.

या किनाऱ्यावर हिवाळ्यात पाळायचा नियम एकच: समुद्राकडे पाठ करायची नाही. दहा-पंधरा मिनिटं लाटा एका रेषेपर्यंत येतात, माणूस निर्धास्त होतो, आणि मग एक लाट कितीतरी आत येते. पाणी दहा अंश सेल्सिअसच्या आसपास. किनाऱ्यावर पडलेले भले मोठे ओंडके वीतभर पाण्यातही उचलले जातात आणि माणसाला खाली घेतात; त्यांवर बसून फोटो काढायचा मोह आवरावा. आईंना हे सांगायची गरज पडली नाही. त्या ओल्या वाळूच्या रेषेच्या बऱ्याच अलीकडे उभ्या राहिल्या आणि लांबून नमस्कार केला. "नारळ आणायला हवा होता," म्हणाल्या. नारळी पौर्णिमेआधी समुद्रात न शिरणाऱ्या लोकांना ऑफ सीझन शिकवावा लागत नाही.

वाटेत ठिकठिकाणी सुनामीच्या निळ्या पाट्या दिसतात. २६ जानेवारी १७०० रोजी या किनाऱ्यापुढच्या कॅस्केडिया भेगेवर प्रचंड भूकंप झाला आणि त्याची सुनामी पार जपानपर्यंत पोचली. तिथल्या जुन्या नोंदींवरूनच दिवस निश्चित करता आला. फोर्ट स्टीव्हन्सचा परिसर सखल आहे. बाहेर पडायच्या वाटेचा नकाशा आम्ही फ्रिजवर लावून ठेवला. जोरात, बराच वेळ जमीन हलली तर गाडी सोडून चालत उंचावर जायचं, सायरनची वाट बघायची नाही.

जपानवरून आठवलं, फोर्ट स्टीव्हन्सच्या किल्ल्यावर २१ जून १९४२च्या रात्री जपानी पाणबुडी आय-२५ ने तोफगोळे टाकले होते. किल्ल्याने उलट मारा केला नाही, केला असता तर तोफांची जागा कळली असती. नुकसान झालं ते मुख्यतः बेसबॉलच्या मैदानाचं. काँक्रीटच्या त्या ओल्या, रिकाम्या तोफखान्यांत अण्णा तासभर फिरले. रत्नागिरीच्या रत्नदुर्गाशी तुलना झाली. निकाल अपेक्षित होता.

मोटरहोमची खरी मजा मला वाटतं जेवणाच्या वेळी. नळ्या काढायच्या, कपाटांच्या कड्या लावायच्या, अण्णांनी सगळं बघून छताला दोनदा टकटक करायची, डबल बेल, आणि गाडी क्लॅटसॉप स्पिटच्या पार्किंगमध्ये न्यायची. पुढच्या काचेत नदीचं मुख. बाहेर पाऊस आडवा. आत गरम भाकरी. जहाजं बारकडे जाताना नाक वर उचलतात, खाली आपटतात, हे बघत आम्ही रोज दीड-दोन तास काही न करता बसायचो. उन्हाळ्यात ती पार्किंगची जागा मिळणार नाही, आणि मिळाली तरी माणूस आत कशाला बसेल?

पौष पौर्णिमा जवळ होती. उधाणाची भरती सकाळी-दुपारी आणि मोठी ओहोटी संध्याकाळी, काळोख पडता पडता. इथे हिवाळ्यात असंच असतं. उन्हाळ्यात मोठी ओहोटी सकाळी येते. म्हणून जानेवारीत रेझर क्लॅम खणणारे लोक कंदील घेऊन किनाऱ्यावर उतरतात. रेझर क्लॅम म्हणजे साधारण अर्ध्या वितेएवढी, लांबट शिंपली. विषारी शेवाळामुळे कधी कधी बंदी असते, तेव्हा आधी चौकशी करावी लागते. खुलं होतं. नवऱ्याने लायसन काढलं. नियम कडक: हाती आलेल्या पहिल्या पंधरा घ्यायच्या, लहान असो, फुटकी असो, परत टाकून मोठी शोधायची नाही, आणि प्रत्येक खणणाऱ्याचं भांडं वेगळं. वाळूत बोटाएवढा खळगा दिसला की समुद्राच्या बाजूला फावडं घालायचं आणि हात आत. शिंपली अशी वेगाने खाली जाते की विश्वास बसत नाही. पहिल्या बऱ्याच सुटल्या. शेजारचा तो अंगठा वर करणारा म्हातारा येऊन पकडायला शिकवून गेला, मग सहा मिळाल्या.

आईंनी उकळतं पाणी ओतून शिंपा उघडल्या, काळं-चिकट सगळं काढलं, बराच वेळ धुतल्या. "तिसऱ्यांची चव नाही," पहिल्या घासाला निकाल. ओलं खोबरं नव्हतं, गोठवलेलं होतं, तेही कारण असेल. पण सुक्याचं भांडं चाटूनपुसून साफ झालं. एक वाटी शेजारी पाठवली. वाटीबरोबर त्याने घरची ब्लॅकबेरीची बाटली परत पाठवली. वाटी रिकामी देऊ नये, हे त्याला कोणी सांगितलं कोण जाणे.

आता टाक्या. यावर लोक हळू आवाजात बोलतात, म्हणून मी मोठ्याने सांगते. स्वच्छतागृहाची ब्लॅक टँक आणि मोरीची ग्रे टँक वेगळ्या असतात. नळी जोडलेली असली तरी ब्लॅकची झडप बंद ठेवायची, टाकी बरीच भरल्यावरच उघडायची. नाहीतर पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाशी साचून बसतो. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. सगळ्या सूचनापत्रांत लिहिलेलं असतं की ब्लॅक टँकमध्ये पाणी भरपूर जाऊ द्या. अमेरिकन लोकांना हे जमत नाही, ते कागद वापरतात. आईंनी घरून आणलेला प्लॅस्टिकचा मग तिथे होता, त्यामुळे आमची टाकी पहिल्या झटक्यात रिकामी झाली. डंप करताना हातमोजे, आणि त्या कामाची नळी पिण्याच्या पाण्याच्या नळीपासून लांब ठेवायची. हे काम नवऱ्याने केलं. मी वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभी राहून सूचना दिल्या.

परतताना पेट्रोलची टाकी भरून द्यायची होती. नवऱ्याने मैल आणि गॅलनचा भागाकार केला, अण्णांनी तो किलोमीटर आणि लिटरमध्ये मागितला. लिटरला साडेतीनच्या थोडं वर. अण्णांनी मीटरकडे बघितलं, मग गाडीकडे.

"एस्टी याहून बरं ॲव्हरेज द्यायची," ते म्हणाले. "पन्नास माणसं घेऊन. घाटात."